कानात संगीत, मनगटावर हिशेब

धावणे हा माणसाच्या व्यायामप्रकारांपैकी सर्वांत स्वस्त प्रकार आहे, असे एके काळी निःशंकपणे म्हणता येत असे. पोहायला तलाव लागतो, टेनिसला जाळी आणि जोडीदार लागतो, कुस्तीला तांबडी माती आणि वस्तादाचा धाक लागतो. धावायला मात्र दोन पाय आणि थोडी मोकळी जागा एवढे भांडवल पुरत असे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर या धंद्यात स्थिर भांडवल शून्य आणि चालू खर्च म्हणजे फार तर घरी परतल्यावरचा एक जादा पेला चहा. अशा धंद्यात कोणालाही प्रवेश खुला असतो आणि म्हणूनच त्यात कोणाला फारसा नफाही मिळत नसतो.

बाजारपेठेला नेमकी हीच गोष्ट मानवत नसावी. आजचा हौशी धावपटू पहाटे घराबाहेर पडतो तेव्हा त्याची तयारी एखाद्या मोहिमेवर निघालेल्या शिलेदाराला लाजवील अशी असते. पायांत खास धावण्याचे बूट, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ, दंडाला किंवा कमरेला बांधलेला फोन, कानांत इअरफोन आणि त्या फोनात निवडून ठेवलेली गाण्यांची यादी. या यादीतील गाणे सुरू झाल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही आणि घड्याळाने उपग्रहाशी संधान बांधल्याखेरीज ते मोजायचे नाही, असा रिवाज पडला आहे. आकाशातून उत्तर येईपर्यंत हा धावपटू फाटकाशी हात उंचावून उभा राहतो. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सूर्यनमस्काराच्या तयारीत आहे असे वाटते. वस्तुतः तो आपण कोठे उभे आहोत हे यंत्राकडून समजून घेत असतो.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली आणि मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. त्यानंतर महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत अशा शर्यती भरू लागल्या आणि शिक्षक, कारकून, बँकेतील अधिकारी, गृहिणी असा मोठा वर्ग पहाटे रस्त्यावर आला. ही अत्यंत स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु या वर्गाच्या धावण्याभोवती जो सरंजाम जमा झाला आहे, त्यातील किती भाग उपयोगाचा आणि किती केवळ शोभेचा, याचा एकदा खेळीमेळीने हिशेब मांडायला हरकत नाही.

सुराची जुनी संगत

प्रथम संगीताचा विचार करू. श्रमाला सुराची जोड देण्याची कल्पना मुळीच नवी नाही. पहाटेच्या जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची गाणी, कोळ्यांनी वल्ह्याच्या लयीत धरलेला सूर, ही सारी श्रम हलका करण्याची साधनेच होती. कुस्तीच्या फडात हलगी कडाडल्याशिवाय रंग भरत नाही. लेझीम हा तर ताल आणि कवायत यांतील सीमारेषाच पुसून टाकणारा प्रकार. आळंदीहून पंढरपूरला जाणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, तो टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर. वाटेत वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी अक्षरशः धाव घेतात. तुकोबांना येथून पंढरीच्या मंदिराचे शिखर दिसले आणि ते धावत निघाले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. सत्तरीच्या आजीबाई डोक्यावरची तुळस सावरीत या उतारावरून पळतात, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडतात हे कोणी मोजलेले नसते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

या अनुभवाला शास्त्राचा आधारही आहे. लिओनार्ड एअर्स या अमेरिकन संशोधकाने १९११ साली प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण मोठे मनोरंजक आहे. न्यूयॉर्कमध्ये सहा दिवस अहोरात्र चालणाऱ्या सायकल शर्यतींत बँड वाजत असताना स्पर्धकांचा सरासरी वेग ताशी १९.६ मैल पडला आणि बँड थांबलेला असताना १७.९ मैल. पुढे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास काराजॉर्जिस यांनी अनेक वर्षे याच विषयाचा पाठपुरावा केला. त्यांचा निष्कर्ष असा की, हलक्या वा मध्यम श्रमाच्या वेळी संगीतामुळे श्रमाची जाणीव सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते आणि मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची लय या कामी विशेष अनुकूल ठरते. इथिओपियाचा महान धावपटू हेले गेब्रसेलासी याने १९९८ साली बर्मिंगहॅम येथे बंदिस्त मैदानावरील २००० मीटरचा विक्रम केला, तो ‘स्कॅटमन’ हे गाणे ध्वनिक्षेपकावर लावून घेऊन.

तथापि या औषधाची मात्राही शास्त्रानेच ठरवून दिली आहे. श्रम फार वाढले, छाती भात्यासारखी चालू लागली, म्हणजे शरीराचा स्वतःचा आवाज एवढा मोठा होतो की गाणे मागे पडते. ज्याला दम लागलेला नाही त्याचे लक्ष सूर वेधून घेतो. ज्याला दम लागला आहे त्याला केवळ दमच ऐकू येतो. म्हणजे संगीत धावणाऱ्याला वेगवान करते यापेक्षा ते कंटाळ्याला दूर ठेवते, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. आणि नवशिक्याचा खरा शत्रू थकवा नसून कंटाळा असतो, हे ज्याने जानेवारीत धावायला सुरुवात करून मार्चमध्ये सोडून दिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

मौज अशी की, संगीताचा हा लाभ खरा असल्याची कबुली क्रीडासंघटनांनी बंदी घालून दिली आहे. जागतिक स्पर्धांत धावपटूला मैदानात ध्वनियंत्र बाळगता येत नाही. अमेरिकेच्या संघटनेने २००७ साली सर्वच स्पर्धकांच्या हेडफोनवर बंदी घातली. परंतु हजारो हौशी धावपटूंच्या कानांतून बोंडे काढून घेणे आयोजकांना झेपेना. अखेर पुढच्याच वर्षी नियम सैल करून तो अजिंक्यपद आणि बक्षिसांच्या स्पर्धकांपुरता ठेवावा लागला. जो विसाव्या हजाराच्या क्रमांकाने पोचणार आहे त्याने गाण्याच्या जोरावर एकोणीस हजार नऊशेनव्याण्णवावा क्रमांक पटकावला, तरी क्रीडाजगतावर आभाळ कोसळत नाही, एवढे शहाणपण संघटनेला सुचले.

सार्वजनिक बँड, खाजगी कान

बदल झाला आहे तो दुसऱ्याच ठिकाणी. हलगी, टाळ, बँड हे सगळे सर्वांचे संगीत होते. एकाने ऐकले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नसे आणि ऐकणाऱ्याला वगळताही येत नसे. अर्थशास्त्रज्ञ ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात तिचे हे उत्तम उदाहरण होय. जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी ३३,००० येन किमतीचा वॉकमन बाजारात आणला आणि संगीत कमरेला लावून हिंडण्याची सोय झाली. त्या पहिल्या यंत्राला इअरफोनसाठी दोन भोके होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकट्यानेच ऐकत बसणे शिष्टाचाराला धरून होणार नाही, असे निर्मात्यांना वाटले होते. ग्राहकांनी हा संकोच लवकरच मोडीत काढला आणि दुसरे भोक पुढील यंत्रांतून नाहीसे झाले. २००१ साली आयपॉड आला, २००६ साली बुटातील यंत्राशी त्याची सांगड घातली गेली, आणि धावपटूचे पाऊल व कानातील गाणे एकाच हिशेबात नोंदले जाऊ लागले.

परिणाम असा झाला आहे की, एकाच वाटेवर चारशे माणसे चारशे निरनिराळ्या गाण्यांवर धावतात. सोबत असूनही कोणी कोणाच्या सोबत नसते. मागून येणाऱ्याने ‘सरका’ म्हटलेले पुढच्याला ऐकू येत नाही. हे एकवेळ चालेल, पण मागून येणारी बस भोंगा वाजवते तोही ऐकू येत नाही, हे चालण्यासारखे नाही. आपल्या शहरांत पदपथ फेरीवाल्यांनी, दुचाक्यांनी आणि खोदकामांनी आधीच अडवलेले असतात. त्यामुळे धावणारा डांबरी रस्त्यावर उतरतो. तेथे कान हेच त्याचे मागचे डोळे असतात आणि ते डोळे त्याने स्वखुशीने मिटलेले असतात. कानांच्या प्रकृतीचा प्रश्न आणखी वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढेल तसे हे तास झपाट्याने घटतात. रहदारीच्या गोंगाटावर मात करण्यासाठी गाणे मोठे करणारा माणूस हृदयाच्या खात्यात जमा करीत असताना कानांच्या खात्यातून उचल करीत असतो.

दहा हजारांचे गौडबंगाल

आता मनगटाकडे वळू. ही यंत्रे टाकाऊ आहेत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली बिनतारी हृदयस्पंदमापक आणला, तेव्हा प्रशिक्षकांच्या हाती प्रथमच धावपटूच्या श्रमाचा भरवशाचा पुरावा आला. अमेरिकन सरकारने मे २००० मध्ये उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव काढून टाकली आणि मग गार्मिनसारख्या कंपन्यांना मनगटावर अंतर मोजणारे घड्याळ देता आले. पावले मोजणारे साधे यंत्र वापरणारी माणसे ते न वापरणाऱ्यांपेक्षा दिवसाला दोन हजारांहून अधिक पावले जास्त चालतात, असे २००७ साली अनेक पाहण्यांचा एकत्रित अभ्यास करून दाखवून देण्यात आले. बैठे काम करणाऱ्या कारकुनाला हा लाभ काही थोडा नव्हे.

परंतु आकड्याला एकदा सिंहासनावर बसवले की तो राजासारखाच वागू लागतो. दिवसाला दहा हजार पावले चालावे हा नियम आज वैद्यकशास्त्राच्या आज्ञेसारखा पाळला जातो. त्याचे मूळ मात्र एका जाहिरातीत आहे. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले, जपानमध्ये व्यायामाची लाट आली आणि १९६५ साली तेथील एका कंपनीने ‘मानपो-केई’ म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’ या नावाचे यंत्र विकायला काढले. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता. तो प्रयोगशाळेतून यावयाचा राहून गेला होता, इतकेच. २०१९ साली अमेरिकेत वयोवृद्ध स्त्रियांची जी मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिक लाभ दिसेनासा झाला. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम पाठ्यपुस्तकात वाचून कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही.

तरीही रात्री पावणेबाराला ९,६४० हा आकडा पाहून उरलेली तीनशेसाठ पावले दिवाणखान्यात येरझाऱ्या घालून पुरी करणारे गृहस्थ गावोगाव आढळतात. खालच्या मजल्यावरच्यांना हा भुताटकीचा प्रकार वाटतो. जेवताना हात हलवला तरी पट्टा पाऊल मोजतो, हे कळल्यावर काहींच्या पोळ्यांची संख्याही वाढली असल्यास नवल नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणासंबंधी एक इशारा दिला होता. त्याचा आशय असा की, एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागले की ते माप म्हणून भरवशाचे राहत नाही. तो इशारा मध्यवर्ती बँकांसाठी होता. लागू पडला तो कारकुनाच्या मनगटाला. परीक्षेतील गुणांनी विद्येचे काय केले हे शिक्षकांना ठाऊकच आहे. गुण हे ज्ञानाचे माप होते, ते ध्येय झाले आणि ज्ञान शिकवणी वर्गाच्या दाराबाहेर राहिले. पावलांचेही तेच होऊ घातले आहे.

याचीही तपासणी झाली आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वजन कमी करू इच्छिणाऱ्या तरुणांच्या दोन गटांची दोन वर्षे पाहणी केली. ज्यांना मनगटी यंत्र दिले होते त्यांचे वजन सरासरी ३.५ किलो उतरले आणि ज्यांना ते दिले नव्हते त्यांचे ५.९ किलो. त्याच वर्षी जॉर्डन एट्किन या संशोधिकेने दाखवून दिले की, चालण्याची मोजदाद ठेवल्यास माणसे चालतात अधिक, पण त्यांना त्यातला आनंद कमी वाटतो आणि मोजदाद थांबली की चालणेही मंदावते. छंदाला मोजपट्टी लावली की त्याचे काम होते, आणि कामाचा कंटाळा येणे हा मनुष्यस्वभाव आहे.

विकत घेतलेला निश्चय

मग माणसे ही यंत्रे का घेतात? एक कारण थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच सांगून ठेवले आहे. काही वस्तू वापरण्यापेक्षा दाखवण्यासाठी अधिक घेतल्या जातात. दुसरे कारण अधिक सहानुभूतीने पाहण्याजोगे आहे. माणूस यंत्र विकत घेतो तेव्हा आपण निश्चयच विकत घेतला असे त्याला वाटते. पैसे खर्च झाले आहेत, आता उठावेच लागेल, असा त्याचा स्वतःशी केलेला करार असतो. या कराराचे काय होते याचा हिशेब स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली अमेरिकन व्यायामशाळांच्या नोंदी तपासून मांडला. दरमहा सत्तर डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच फिरकत. म्हणजे प्रत्येक भेट त्यांना सतरा डॉलरहून महाग पडे. हीच भेट सुटे तिकीट-पुस्तक घेऊन दहा डॉलरमध्ये मिळाली असती. निश्चय उधारीवर मिळत नाही, तसा तो रोखीनेही मिळत नाही.

येथवरची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे. परंतु मनगटावरचा हिशेब केवळ मनगटावर राहत नाही, हे विसरता येणार नाही. धावपटूंच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने आपल्या सभासदांच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये असे ध्यानात आले की, वाळवंटांतील लष्करी तळांच्या आतील वाटाही त्यावर उजळून निघाल्या आहेत. सैनिक केवळ सकाळची धाव घेत होते. जगाला त्यांच्या छावणीचा आराखडा मिळाला. त्याच वर्षी जॉन हॅनकॉक या अमेरिकन आयुर्विमा कंपनीने आपल्या सर्व पॉलिसी अशा मोजदादीशी जोडण्याची घोषणा केली. भारतातही काही आरोग्यविमा योजना रोजच्या पावलांवर हप्त्यात सवलत देतात. आज ही सवलत आहे. परंतु चालणाऱ्याला सवलत याचा अर्थ न चालणाऱ्याला दंड असाही होतो. आणि न चालणाऱ्यांत केवळ आळशी माणसे नसतात. संधिवाताची रुग्ण असते, दोन पाळ्या करणारा कामगार असतो, लोकलमध्ये रोज तीन तास उभा राहणारा कारकून असतो. विम्याचे तत्त्व धोका सर्वांत वाटून घेण्याचे आहे. प्रत्येकाच्या मनगटावरून त्याचा त्याचा धोका वेगळा काढता येऊ लागला, तर वाटून घेण्यासारखे उरणार काय? आपल्या हृदयाचे ठोके कोणाच्या वहीत लिहिले जात आहेत, हा प्रश्न धावणाऱ्याने घड्याळ घेताना विचारलाच पाहिजे.

घड्याळाआधी मैदान

मराठी मुलखाला धावण्याचा वारसा यंत्रांनी दिलेला नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत अनवाणी धावणाऱ्या तरुणांची वेळ पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यातून १९२० साली भारतीय संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्या संघातील बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून १९वा क्रमांक मिळवला. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत कांस्यपदक जिंकले, माणदेशातील ललिता बाबर २०१६ साली रिओच्या अंतिम शर्यतीत धावल्या, बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक पटकावले. शिखराकडे जाताना आधुनिक प्रशिक्षण त्यांना मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. पण या वाटचालीची सुरुवात गावच्या मातीवर झाली. बारामतीच्या लता करे यांनी तर पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून २०१३ साली नऊवारी साडीत अनवाणी धावून शर्यत जिंकली. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला. ज्या समाजात औषधपाण्यासाठी वृद्धेला धावावे लागते त्याने त्या चित्रपटाला केवळ टाळ्या वाजवून थांबू नये.

या साऱ्यांना मोकळी जागा मिळाली होती. आज शहरातील मुलाला घड्याळ सहज मिळते, मैदान मिळत नाही. हा अपघात नाही. घड्याळ ही खाजगी वस्तू आहे. ते विकून कोणाला तरी नफा होतो, म्हणून त्याची जाहिरात होते. मैदान ही सार्वजनिक वस्तू आहे. ते राखून कोणाचा नफा होत नाही, उलट त्यावर इमारत उठवली तर होतो. म्हणून मैदानाची जाहिरात कोणी करीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेसाठी क्रीडांगणाची अट घातली आहे. तिची अंमलबजावणी किती ठिकाणी फळ्यावर लिहिण्यापुरती उरली आहे, हे शिक्षकांनीच सांगावे. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या जादा तासाला बहाल करण्याची प्रथाही त्यांना अपरिचित नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. ज्या शाळा-महाविद्यालयांना मैदाने आहेत त्यांनी ती पहाटे आणि संध्याकाळी परिसरातील नागरिकांना खुली करावीत. नगरपालिकांनी तेथे दिवे आणि पिण्याचे पाणी ठेवावे. रस्त्याच्या कडेला सलग, न अडवलेला पदपथ हा शोभेचा नसून आरोग्याचा खर्च आहे, असे अंदाजपत्रकात मानले जावे. विमा कंपन्यांनी पावलांची मोजदाद कशासाठी वापरावी आणि कशासाठी वापरू नये, याचे नियम मोजदाद अंगवळणी पडण्यापूर्वीच घालून दिले जावेत.

बाकी ज्याला गाणे ऐकत धावायचे आहे त्याने अवश्य धावावे. फक्त रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा आणि मैदानात वाटल्यास दोन्ही भरावेत. ज्याला घड्याळ आवडते त्याने ते वापरावे आणि आठवड्यातून एक दिवस घरी ठेवून यावे. त्या दिवशी पावले किती पडली हे कळणार नाही. पण शेजारून धावणाऱ्याशी चार शब्द बोलता येतील आणि बोलताना दम लागत नसेल तर वेग बेताचा आहे, हे कोणत्याही यंत्रावाचून समजेल.